मेंदूच्या आजारांवर पीएचडी : संस्थेच्या नावाआधी तिथलं प्राणिगृह पाहा

पीएचडीला प्रवेश घेताना बहुतेक जण संस्थेचं नाव, शहर आणि गाइडचे पेपर पाहतात. कंपवात (पार्किन्सन), अल्झायमर, अपस्मार अशा आजारांवर काम करायचं असेल तर तेवढ्यावर भागत नाही. आणखी तीन गोष्टी हाताशी लागतात. एक, ज्यावर प्रयोग करायचा ते: रुग्ण, उंदीर, मेंदूच्या ऊती किंवा पेशी. दोन, ते वापरायची लेखी परवानगी. तीन, ते तंत्र स्वतःच्या हाताने करणारं कुणी तरी लॅबमध्ये हजर. यातली एकही गोष्ट नसेल तर फेलोशिपच्या पाच वर्षांतली दीड-दोन वर्षं वाट पाहण्यात जातात. म्हणून भारतातल्या न्यूरोसायन्स पीएचडीचं हे परीक्षण त्याच तीन कसोट्यांवर केलं आहे.

आधी दार आणि पैसा. हा भाग सरळ आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर तीन तासांचा आणि २०० गुणांचा. भाग ‘अ’मधले १५, ‘ब’मधले ३५ आणि ‘क’मधले २५ प्रश्न सोडवायचे. पहिल्या दोन भागांत प्रश्नाला २ गुण, ‘क’मध्ये ४, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा (२५ टक्के) गुण वजा. निम्मे गुण एकट्या ‘क’मध्ये आहेत आणि तिथे निवडीला ७५ प्रश्न असतात. न्यूरोवाल्यांनी प्राणी-शरीरक्रियाशास्त्र, पेशीजीवशास्त्र, पेशींमधलं संदेशवहन आणि संख्याशास्त्राच्या पद्धती एवढं पक्कं केलं तरी पंचवीस प्रश्नांची सोय होते. वनस्पतिशास्त्रात वेळ घालवायचं कारण नाही. टीआयएफआर मुंबई आणि बंगळुरूच्या एनसीबीएससाठी जेजीईईबीआयएलएस ही वेगळी परीक्षा डिसेंबरच्या सुमारास होते. तिच्यात पाठांतरापेक्षा प्रयोगाची मांडणी आणि आलेख वाचणं तपासतात. मानेसरचं मेंदू संशोधन केंद्र एनबीआरसीही ही परीक्षा ग्राह्य धरत आलं आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मज्जासंस्थेच्या संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असते.

जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिपची) रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि एसआरएफची (वरिष्ठ फेलोशिपची) ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ मिळतं आणि पुढची तीन वर्षं चालतं. सीएसआयआरच्या फेलोला वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात. परदेशी कंपनीच्या प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) १०० मायक्रोलिटरच्या एका कुपीलाच ते बहुधा पुरत नाहीत. तेव्हा लॅबला चालू प्रकल्पाचं अनुदान आहे का आणि ते कोणत्या वर्षी संपतं, हे मुलाखतीतच विचारावं. यात संकोच करू नये.

महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (इतर मागास, भटके-विमुक्त) यांच्या फेलोशिप हा खरा आधार आहे. त्या पीएचडीची नोंदणी झाल्यावर मिळतात आणि जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघेलच असं नसतं. पहिले काही महिने बिनपैशाचे जातील असं धरून चालावं. नोंदणीचं पत्र, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, आणि गाइडचं संमतिपत्र यांच्या साक्षांकित प्रती तयार ठेवल्या तर निदान आपल्या बाजूने उशीर होत नाही.

आता संस्था. बंगळुरूचं निम्हान्स रुग्णांच्या बाबतीत देशात पहिलं. रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत, आणि १९९५ पासून चालणारी मानवी मेंदूच्या ऊतींची पेढीही तिथेच आहे. कंपवात, अपस्मार, स्किझोफ्रेनिया, गतिविकार यांवर माणसातलं काम करायचं असेल तर यापेक्षा सोयीची जागा भारतात सांगता येत नाही. निम्हान्स, एनसीबीएस आणि मूलपेशींवर काम करणारी बंगळुरूची संस्था इनस्टेम यांनी मिळून मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या पेशींपासून मूलपेशी बनवण्याचं काम केलं आहे. ताटलीतल्या न्यूरॉनवर काम करू पाहणाऱ्याने ते जरूर पाहावं.

हरियाणातल्या मानेसरचं एनबीआरसी हे केवळ मेंदूला वाहिलेलं केंद्र आहे. ते २००२ पासून अभिमत विद्यापीठ आहे. रेणूपासून वर्तनापर्यंतच्या लॅब एका इमारतीत, माणसांसाठी ३ टेस्लाचा एमआरआय आणि प्राणिगृह हे त्याचं बळ. आवारात रुग्णालय नाही. त्यामुळे रुग्णांवरचा विषय घेतला तर दिल्ली-गुरुग्रामच्या रुग्णालयांशी लेखी करार आधीच झाला आहे का, हे बघणं भाग आहे.

कुलाब्याचं टीआयएफआर आणि पाषाणचं आयसर पुणे हे मूलभूत प्रश्नांचे अड्डे आहेत. मज्जातंतूत माल कसा वाहतो, सिरोटोनिनमुळे चिंता का वाढते, मेंदूची घडण कशी होते, असे प्रश्न. आजाराचं नाव शीर्षकात नसलं तरी पाया इथेच पक्का होतो, आणि ‘डिसऑर्डर’ हा शब्द शीर्षकात हवाच हा हट्ट सोडणाऱ्याला या दोन संस्था फार देतात. बंगळुरूच्या आयआयएससीत गणिती आणि संगणकीय बाजू भक्कम आहे. त्याच आवारातल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात ४५ वर्षांवरच्या १०,००० ग्रामीण लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याचा अभ्यास उभारला आहे. स्मृतिभ्रंशाच्या साथरोगशास्त्रात रस असेल तर अशा तयार अभ्यासाला जोडून घेणं, शून्यातून नमुने गोळा करण्यापेक्षा कितीतरी बरं.

राज्यातल्या विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र आणि फार्मसी विभागांतही मेंदूवर पीएचडी होते, आणि चांगली होऊ शकते. फक्त वीज पाहावी. उणे ८० अंशांच्या फ्रीझरला जनरेटर जोडलेला आहे का आणि रात्री अलार्म वाजला तर कोण येतं? एका उन्हाळी रविवारी वीज गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की दोन वर्षांचे आरएनएचे नमुने वाया जातात. फ्रीझर पुन्हा थंड होतो, आरएनए परत येत नाही.

प्राण्यांवरच्या विषयांवर सविस्तर लिहायला हवं, कारण भारतात मेंदूविकारांवरचे बरेच प्रबंध तिथेच तयार होतात आणि अडतातही तिथेच.

उंदरांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची म्हणजे आयएईसीची मंजुरी लागते. तिच्यात प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीने, म्हणजे सीसीएसईएने, नेमलेला प्रतिनिधी बसतो. (सीसीएसईएचं जुनं नाव सीपीसीएसईए. लॅबमधली जुनी मंडळी अजून तेच म्हणतात.) अर्ज ‘फॉर्म बी’वर. त्यात जात, वय, लिंग, गट, गटातली संख्या आणि ती संख्या कशी काढली, हे सगळं लिहायचं. नवखे इथे एक चूक हमखास करतात: मरणाऱ्या प्राण्यांची संख्या धरत नाहीत. कंपवाताचं एमपीटीपी प्रतिमान (मॉडेल) घ्या, म्हणजे एमपीटीपी हे विष देऊन उंदरात कंपवातासारखी अवस्था आणणं. तीव्र पद्धतीत ८ ते १० आठवड्यांच्या सी५७बीएल/६ नर उंदरांना दर दोन तासांनी २० मिलिग्रॅम प्रतिकिलो अशी एका दिवसात चार इंजेक्शनं देतात. काही उंदीर पहिल्या चोवीस तासांतच दगावतात. गटात शेवटी १० हवे असतील तर १० च मागून चालत नाही. कमी पडले की सुधारित अर्ज करायचा आणि समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं. उंदराची जातही बदलायची नाही. बाल्ब/सी हे विष पुष्कळ सोसतो आणि प्रयोगशाळेतले मोठे पांढरे उंदीर, म्हणजे रॅट, त्याला फारसे दाद देत नाहीत.

एमपीटीपी माणसालाही बाधतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात भेसळीचं अमली द्रव्य टोचून घेतलेल्या तरुणांना काही दिवसांत कंपवात जडला, त्यातूनच हे प्रतिमान जन्मलं. म्हणून इंजेक्शनसाठी वेगळी खोली, दुहेरी हातमोजे आणि पिंजऱ्यातल्या भुश्श्याची पुढचे काही दिवस विषारी कचरा म्हणून विल्हेवाट, एवढं नसलेल्या लॅबमध्ये हा विषय घेऊ नये. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ हे उत्तर मिळालं तर तिथून निघावं.

मोजणीत काय चुकतं ते पाहू. सबस्टॅन्शिया नायग्रा या, कंपवातात पेशी मरतात त्या मेंदूच्या भागातल्या पेशी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) प्रतिपिंडाने रंगवून मोजतात. विष दिल्यावर लगेच मेंदू काढला तर पेशी जिवंत असूनही विकराचं प्रमाण तात्पुरतं घटलेलं असतं आणि ती मेल्यासारखी दिसते. पेशीमृत्यूबद्दल बोलायचं असेल तर २१ दिवस थांबावं आणि शेजारच्या कापांवर निसल रंगाने एकूण न्यूरॉनही मोजावेत. मोजणीसाठी ३० ते ४० मायक्रॉनचे काप, दर सहावा काप, आणि स्टिरिऑलॉजी, म्हणजे नमुना-कापांवरून पूर्ण भागातल्या पेशींचा अंदाज काढायची पद्धत. एका ‘प्रातिनिधिक’ कापातल्या पेशी मोजून काढलेल्या टक्केवारीवर चांगला परीक्षक विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

अश्वगंधा, ब्राह्मी, हळद यांच्या अर्कांनी कंपवातापासून संरक्षण मिळतं असं सांगणारे प्रबंध आपल्याकडे भरपूर आहेत. विषय आपल्या मातीतला आहे आणि मोलाचा आहे, म्हणूनच तो नीट व्हायला हवा. एमपीटीपी स्वतः मारक नाही. मेंदूतलं एमएओ-बी हे विकर त्याचं एमपीपी+ करतं आणि ते न्यूरॉन मारतं. अर्काने एमएओ-बीच रोखलं तर विष तयारच होत नाही आणि उंदीर वाचतो. यात न्यूरॉनला संरक्षण मिळालं असं काहीच सिद्ध होत नाही. तपासणी सोपी आहे: वेगळ्या चार-पाच उंदरांच्या गटात इंजेक्शननंतर ९० मिनिटांनी मेंदूच्या स्ट्रायटम या भागातलं एमपीपी+ एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत ते सारखं आलं तरच पुढचं बोलणं खरं. हा एक गट फॉर्म बीमध्ये सुरुवातीलाच मागून ठेवावा. शिवाय अर्क विषाच्या आधीच नव्हे, नंतरही देऊन पाहावा. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या कितीतरी पेशी आधीच गेलेल्या असतात.

अल्झायमरसाठी ५एक्सएफएडी किंवा एपीपी/पीएस१ हे जनुकबदल केलेले उंदीर वापरतात. पहिल्यात साधारण दोन महिन्यांच्या वयात अमिलॉइड या प्रथिनाचे थर दिसू लागतात, दुसऱ्यात सहाव्या महिन्याच्या आसपास. गणित करून पाहा. बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेला नर आणि साधी मादी यांच्या एका वेतात सहा ते आठ पिल्लं, त्यातली निम्मी बदल असलेली, त्यातले निम्मे नर. म्हणजे वेताला दीड ते दोन उपयोगी उंदीर. एका गटात १२ हवेत तर सहा ते आठ वेतं, आणि तीही जवळपास एकाच वेळी व्हायला हवीत, नाहीतर गटातली वयं जुळत नाहीत. गर्भकाळ तीन आठवडे, दूध तुटायला तीन आठवडे, मग वय वाढण्याची वाट. वसाहत संस्थेत आधीच चालू असेल तर पहिला प्रयोग वर्षाच्या आत होतो. ती परदेशातून आणायची असेल तर आयात-परवानगी, विलगीकरण आणि पैदास यातच दुसरं वर्ष सरतं. ‘उंदीर मागवले आहेत’ आणि ‘उंदीर आहेत’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पिंजऱ्यावरचं कार्ड पाहूनच होकार द्यावा.

याच उंदरांत आणखी एक खाच आहे, ती माहीत नसल्याने वर्तनाचे प्रयोग फुकट जातात. यांच्या काही मिश्र वाणांत आरडी१ नावाचा दृष्टिपटल नष्ट करणारा दोष उतरलेला असतो. असे उंदीर आंधळे असतात. पाण्याच्या हौदातली मॉरिस चाचणी भिंतीवरच्या खुणा पाहून पाण्याखालच्या फलाटाचा मार्ग लक्षात ठेवण्याची असते. आंधळा उंदीर तिच्यात नापास होणारच, त्याची स्मृती शाबूत असली तरी. शेपटीच्या टोकातून डीएनए काढून मुख्य जनुक तपासतोच आहोत, तर आरडी१ चाही पीसीआर त्याच वेळी लावावा. आणि हौदात आधी वर दिसणाऱ्या फलाटाची फेरी घ्यावी.

ऊती काढण्याच्या कामात लॅबचा हात किती तयार आहे, हे भेटीच्या दिवशी अर्ध्या तासात कळतं. हृदयातून आधी थंडगार बफर आणि मग ४ टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइड सोडतात. यकृत फिकट पडलं म्हणजे रक्त नीट निघालं. ते लालच राहिलं तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रक्तपेशी अडकलेल्या असतात आणि रंगकामात सगळीकडे खोटी चमक येते. नंतर त्याच द्रावणात ४ अंशांवर एक रात्र, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये मेंदू तळाशी बसेपर्यंत. इथे घाई केली तर गोठताना बर्फाचे स्फटिक होतात आणि कापांना भोकं पडतात. उलट आठवडाभर फिक्सेटिव्हमध्येच विसरला तर प्रतिपिंडाला चिकटायची जागा झाकली जाते. लॅबमधल्या वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे जुन्या स्लाइड मागाव्यात आणि प्राथमिक प्रतिपिंड न घातलेला काप आवर्जून पाहावा. तो स्वच्छ काळा दिसत असेल तर बाकीच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

रुग्णांवरच्या विषयांत अडचणी वेगळ्या. कंपवाताचे गुण ‘ऑफ’ म्हणजे औषधाचा असर उतरलेल्या अवस्थेत मोजायचे तर लेवोडोपा हे औषध आदल्या रात्रीपासून, निदान १२ तास बंद हवं. म्हणजे रुग्ण पहाटे कडक झालेल्या अंगाने रुग्णालयात पोचणार. सोबत कुणीतरी हवं, वाहन हवं, चाचणी संपताच गोळी आणि नाश्ता हवा. हा खर्च प्रकल्पात धरलेला नसतो आणि मग सहभागी मिळत नाहीत. एमआरआयमध्ये डोकं हलल्याने, बंद जागेच्या भीतीने किंवा अंगातल्या धातूच्या उपकरणामुळे काही जण गळतात. हवेत त्यापेक्षा पुष्कळ जास्त रुग्ण नोंदवावे लागतात. नीतिसमितीची मंजुरी येण्याआधी घेतलेला एकही नमुना प्रबंधात वापरता येत नाही. परदेशी सहकारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा टप्पा वाढतो.

महाराष्ट्रात स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्यांपुढे भाषेचा प्रश्न आहे आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आयसीएमआरचा बोधनचाचण्यांचा संच सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार झाला. मराठी त्यात नव्हती. स्मृती आणि बोधन तपासणारी मोका चाचणी मराठीत आहे, पण बारा वर्षं किंवा कमी शिकलेल्याला एक जादा गुण देऊन शाळेचं तोंडही न पाहिलेल्या सत्तरीतल्या बाईवर न्याय होत नाही. तिला घन काढता येत नाही, घड्याळाचे काटे दाखवता येत नाहीत. त्यात आजार किती आणि न शिकलेपण किती, हे गुणांवरून ओळखता येत नाही. चाचणी रुळवायची म्हणजे भाषांतर, दुसऱ्याकडून उलट भाषांतर, तीस-चाळीस लोकांवर तपासणी आणि मग वय-शिक्षणानुसार निकष. एवढं काम एका वर्षाचं आहे आणि ते प्रबंधाचं स्वतंत्र प्रकरण होऊ शकतं. गाइड त्याला ‘पूर्वतयारी’ म्हणत असेल तर आधीच ठरवून घ्यावं.

मृत्यूनंतरच्या मेंदूच्या ऊती मागताना वयाचा ताळा पाहावा. नियंत्रण गटातले मेंदू बऱ्याचदा रस्ते-अपघातात गेलेल्यांचे, नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले असतात, आणि ही माणसं तरुण असतात. सत्तर वर्षांच्या रुग्णाची तुलना तिशीतल्या मेंदूशी केली तर जो फरक दिसेल तो म्हातारपणाचाही असू शकतो. मृत्यूपासून ऊती गोठवेपर्यंतचे तास आणि आरएनएची गुणवत्ता हे आकडे प्रत्येक नमुन्यासोबत मागावेत.

गाइड निवडताना यूजीसीचे २०२२ चे नियम कामी येतात. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं, वर दोन वर्षांची वाढ. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन, आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा. पेपर छापून येण्याची देशव्यापी सक्ती या नियमांत राहिलेली नाही, तरी अनेक संस्था स्वतःची अट ठेवतात. ती लेखी मागून घ्यावी. फेलोशिप पाचव्या वर्षी संपते आणि नोंदणी सहाव्यापर्यंत चालते. मधलं वर्ष पगाराविना कसं काढायचं, त्याची सोय गाइडच्या प्रकल्पातून होते का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारण्याजोगा आहे.

प्रबंधाचा शेवटचा टप्पा त्यामानाने हलका. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या आत हवं, किमान दोन बाहेरचे परीक्षक, आणि सादर केल्यापासून सहा महिन्यांत प्रक्रिया पूर्ण व्हावी असा नियम. चौथ्या वर्षापासून पद्धतींचं प्रकरण लिहायला घ्यावं, प्रतिपिंडांचे कॅटलॉग आणि लॉट क्रमांक तेव्हाच उतरवावेत. रिकाम्या कुप्या एकदा टाकल्या की ते क्रमांक कुठेच सापडत नाहीत, आणि लॉट बदलल्याने रंग का बदलला, या परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

निवड करताना आमचा क्रम असा आहे. माणसातला आजार हाच ध्यास असेल तर निम्हान्स. प्राण्यांवर आणि यंत्रांवर हात बसवायचा असेल तर एनबीआरसी. प्रश्न विचारायला शिकायचं असेल तर टीआयएफआर किंवा आयसर पुणे. घर सोडता येत नसेल, तर जवळच्या विद्यापीठातला असा गाइड, ज्याच्या कपाटात चालू तारखेचं आयएईसीचं मंजुरीपत्र आहे आणि ज्याचा शेवटचा विद्यार्थी पाच वर्षांत बाहेर पडला. हे पत्र आणि त्या विद्यार्थ्याचा फोन नंबर, दोन्ही मागा. चांगला गाइड दोन्ही देतो.